चवथीआधी परत येणारी शिट्टी : प्रीअँपमधून चार्ज पंपाचा आवाज कसा काढायचा

तक्रारीचे शब्दही बहुधा ठरलेले असतात. "गेल्या वर्षी कपॅसिटर बदलून घेतला तेव्हा गेली होती. आता परत कुंई करतेय." श्रावण सरत आला, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली, की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घुमट-आरतीची आणि भजनाची मंडळं आपापले डबे कपाटातून बाहेर काढतात, घुमटाला (मातीच्या तालवाद्याला) नाहीतर पेटीला पिझो (थरथर पकडून तिचा सिग्नल करणारी चकती) चिकटवतात, मिक्सरचा चॅनेल उघडतात आणि स्पीकरमधून एक बारीक, न थांबणारी शिट्टी सुरू होते.

डबा म्हणजे साधा प्रीअँप, पिझोचा बारीक सिग्नल मिक्सरआधी मोठा करणारा. ९ व्होल्टचा अडॅप्टर, एक टीएल०७२ (सिग्नल मोठा करणारा ऑपअँप), आणि त्याला उणे ९ व्होल्ट देण्यासाठी आयसीएल७६६० किंवा त्याच जातीचा चार्ज पंप, म्हणजे कपॅसिटर भरून उलटा जोडत अधिक व्होल्टेजचं उणे करणारा आयसी. हा डबा दुरुस्तीला गेला की पहिल्यांदा पंपाच्या आउटपुटचा कपॅसिटर बदलला जातो. दहाच्या जागी शंभर मायक्रोफॅरड. शिट्टी जाते, सगळे खूश. पुढच्या पावसाळ्यानंतर ती परत हजर.

माझं मत सांगतो. बऱ्याच डब्यांत ती कपॅसिटरमुळे गेलेलीच नसते. डबा उघडताना अडॅप्टरचा जॅक हलतो, ग्राउंडची वायर पुन्हा सोल्डर होते, सॉकेट दोनदा आत-बाहेर होतं, आणि त्यात ती जाते. श्रेय मात्र कपॅसिटर घेतो. म्हणून फिल्टर लावण्याआधी आवाज कुठल्या वाटेने आत येतोय ते शोधायचं. वाटा चार आहेत: उणे सप्लाय, अधिक सप्लाय, ग्राउंड आणि हवा. एका वाटेचा उपाय दुसरीवर चालत नाही.

आधी शिट्टी पंपाचीच आहे याची खात्री

जाड 'घूं' असेल तर ती पंपाची नाही. ती ५० किंवा १०० हर्ट्झची, म्हणजे मेन्सची. तिचं निदान वेगळं. आयसीएल७६६० चा आतला ऑसिलेटर, म्हणजे ठोके देणारा भाग, साधारण १० किलोहर्ट्झवर चालतो आणि तो दोनाने भागला जाऊन पंप ५ किलोहर्ट्झवर पलटतो. दुर्दैव असं की माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. त्यामुळे मिलिव्होल्टसुद्धा नसलेला आवाज देवळाच्या सभामंडपात शेवटच्या माणसाला ऐकू येतो.

खात्री करायची एक सोपी युक्ती आहे आणि तिला ऑसिलोस्कोप (स्कोप) लागत नाही. आयसीची ७ नंबरची पिन ऑसिलेटरची. तिच्यापासून ८ नंबरच्या पिनेला, म्हणजे अधिक सप्लायला, १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर क्षणभर टेकवा. ऑसिलेटर १० वरून साधारण १ किलोहर्ट्झवर उतरतो. स्पीकरमधली शिट्टी त्याच क्षणी खालच्या स्वरात गेली तर चोर सापडला. स्वर तसाच राहिला तर पंपाला सोडा आणि अडॅप्टरकडे बघा. आजकालचे स्विचिंग अडॅप्टर स्वतःच पुरेसे गोंगाटी असतात. अडॅप्टर काढून सगळा डबा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला की तेही कळतं.

स्कोप नसेल तर मोबाइलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप चांगलं काम देतं. ५ किलोहर्ट्झवर एक उभी रेघ आणि १०, १५ वर तिची पिल्लं दिसली की झालं. मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मात्र विसंबू नका, कारण स्वस्त मीटर काहीशे हर्ट्झच्या पुढे काय दाखवतील याचा भरवसा नाही. आणि स्कोप असेल तर प्रोबची मगरचिमटी काढून ठेवा. त्या लांब ग्राउंड वायरचा फास स्वतःच टोकदार स्पाइक पकडतो, आणि मग नसलेला आवाज काढण्यात संध्याकाळ जाते. प्रोबच्या टोकाशी लागणारी छोटी स्प्रिंग वापरा, एसी कपलिंग ठेवा, २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू करा.

एक विचित्र प्रकारही दिसतो: स्पीकर बंद, मिक्सर बंद, तरी पीसीबीतूनच, म्हणजे सर्किटच्या बोर्डातूनच, बारीक आवाज येतो. तो सिरॅमिक कपॅसिटर गातोय. एक्स५आर, एक्स७आर प्रकारचे सिरॅमिक स्वतःच पिझोसारखे थरथरतात आणि बोर्ड त्यांचा पडदा होतो. त्या जागी इलेक्ट्रोलिटिक किंवा टँटॅलम लावला की गाणं थांबतं.

वाट कोणती?

यासाठी एक ज्यादा ९ व्होल्टची बॅटरी घ्या. पंपाचं आउटपुट ऑपअँपपासून तोडा आणि बॅटरीचं अधिक टोक ग्राउंडला, उणे टोक ऑपअँपच्या उणे सप्लायच्या पिनेला जोडा. पंप चालूच ठेवायचा. इथे एक गोष्ट हमखास सुटते: पंपावरचा लोड गेला की त्याचा आवाजही कमी होतो आणि चाचणी खोटं सांगते. म्हणून पंपाच्या आउटपुटला ३.३ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावा. त्यातून २.७ मिलिअँपिअर वाहतात, आणि टीएल०७२ चे दोन्ही अँप मिळून साधारण तेवढेच खातात.

आता ऐका. शिट्टी गेली तर ती उणे सप्लायमधून येत होती, आणि हे सगळ्यात सोपं दुखणं. शिट्टी तशीच राहिली तर आउटपुटला कितीही मोठा कपॅसिटर लावा, काही होणार नाही, कारण आवाज त्या वाटेने येतच नाही. अशा वेळी इनपुट जॅकचा सिग्नल आणि ग्राउंड जॅकवरच शॉर्ट करा. शॉर्ट केल्यावर शांत झालं तर आवाज हवेतून इनपुटवर येतोय. तरीही वाजत राहिलं तर ग्राउंड किंवा अधिक सप्लाय.

ग्राउंड : दर वर्षी परत येणारं दुखणं

पंप इनपुटकडून सलग करंट घेत नाही. अर्ध्या सायकलमध्ये तो आपला कपॅसिटर भरतो, उरलेल्या अर्ध्यात इनपुटकडे बघतही नाही. आउटपुटला ५ मिलिअँपिअर द्यायचे असतील तर इनपुटमधून अर्धा वेळ १० मिलिअँपिअर आणि अर्धा वेळ शून्य, असा चौकोनी करंट वाहतो. तो ग्राउंडमधून परत जातो. ती ग्राउंडची पट्टी इनपुट सिग्नलचीही असली तर हिशोब असा: ३५ मायक्रॉन तांब्याची १ मिलिमीटर रुंद, ४ सेंटिमीटर लांब पट्टी म्हणजे साधारण २० मिलिओहम. १० मिलिअँपिअर गुणिले २० मिलिओहम, ०.२ मिलिव्होल्ट. क्षुल्लक वाटतं, पण गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) १०० असेल तर आउटपुटवर २० मिलिव्होल्टची शिट्टी. माइकचा सिग्नलच एक-दोन मिलिव्होल्टचा असतो, तेव्हा ती लपत नाही.

हे झालं नव्या, स्वच्छ बोर्डाचं. आता पावसाळाभर बंद कपाटात, समुद्राच्या खाऱ्या हवेत ठेवलेला डबा घ्या. अडॅप्टरच्या सॉकेटची बाहेरची पत्ती काळवंडते, जॅकच्या नटाखाली हिरवट थर बसतो, आणि जिथे मिलिओहम होते तिथे ओहम येतात. डब्याचं पत्र्याचं कवच हाच ग्राउंडचा भाग असेल, म्हणजे इनपुट जॅक एका स्क्रूने आणि पॉवर सॉकेट दुसऱ्या स्क्रूने पत्र्याला लागलेलं असेल, तर हमखास. शिट्टी चवथीलाच परत का येते याचं उत्तर इथे आहे. कपॅसिटर तर एका पावसाळ्यात मरत नाही. तो उष्णतेने, वर्षानुवर्षांनी सुकतो.

उपाय दोन टप्प्यांत. आजच्या आरतीपुरता: सॉकेट, जॅक आणि ग्राउंडचे स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि ब्रशने साफ करा, काळवंडलेलं सॉकेट बदलाच, स्क्रूच्या भरवशावरचं ग्राउंड वायरने सोल्डर करा. कायमचा: पंपाचं ग्राउंड वेगळं काढा. पंपाची ३ नंबरची पिन, त्याच्या इनपुट कपॅसिटरचं उणे टोक आणि आउटपुट कपॅसिटरचं अधिक टोक या तिघांना एका छोट्या बेटावर एकत्र आणा आणि तिथून एकच वायर थेट अडॅप्टरच्या सॉकेटकडे न्या. ऑपअँपचं आणि इनपुट जॅकचं ग्राउंड दुसऱ्या वायरने त्याच सॉकेटवर आणा. दोन्ही करंट सॉकेटवरच भेटले पाहिजेत, वाटेत कुठेही नाही. तयार बोर्डावरही हे जमतं: ब्लेडने एक पट्टी तोडायची आणि एक जंपर टाकायचा.

आउटपुट उणे आहे, म्हणून तिथल्या कपॅसिटरचं अधिक टोक ग्राउंडला जातं. घाईत तो उलटा लागलेला मी बऱ्याच डब्यांत पाहिलाय. काही काळ चालतो, मग फुगतो.

अधिक सप्लाय

तोच चौकोनी करंट अधिक सप्लायलाही झटके देतो, आणि त्याच सप्लायवर ऑपअँप असतो. पंपाच्या ८ नंबरच्या पिनेआधी २२ ओहमचा रेझिस्टर टाका आणि पिन ८ ते ३ च्या मध्ये, आयसीला अगदी चिकटून, १०० मायक्रोफॅरड लावा. झटके त्या कपॅसिटरमध्येच फिरतात, बाहेर ५ किलोहर्ट्झवर सत्तरावा हिस्साच जातो. ३ मिलिअँपिअरला २२ ओहमवर जेमतेम ६६ मिलिव्होल्ट पडतात, त्याची काळजी नको. या एका रेझिस्टरचा ग्राउंडलाही फायदा होतो, कारण लांबच्या वायरीतून जाणारा करंट सपाट होतो. एकच सुटा भाग टाकायची मुभा असेल तर मी हाच टाकीन.

इथे फेराइट बीड लावणारे पुष्कळ. बीड मेगाहर्ट्झमध्ये काम करतं. ५ किलोहर्ट्झला ते म्हणजे साधी तार.

उणे सप्लाय

रिपलचे, म्हणजे सप्लायच्या व्होल्टेजमधल्या चढउताराचे, दोन भाग असतात. पहिला कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे त्यावर: लोडचा करंट भागिले दोन गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स. ५ किलोहर्ट्झ, १० मायक्रोफॅरड आणि २.८ मिलिअँपिअर धरले तर २८ मिलिव्होल्ट. दुसरा भाग कपॅसिटरच्या आतल्या रेझिस्टन्सचा, म्हणजे ईएसआरचा: दोन गुणिले करंट गुणिले ईएसआर. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर ५ ओहम असला की आणखी २८ मिलिव्होल्ट. दहाचा शंभर केल्यावर पहिला भाग दहापट घटतो, दुसरा नव्या कपॅसिटरच्या ईएसआरवर अवलंबून राहतो. म्हणजे मोठा कपॅसिटर अगदीच फुकट नाही, पण लो-ईएसआरचा निवडला नाही तर अर्धंच काम होतं.

याच हिशोबातून आणखी एक निघतं: रिपल लोडच्या प्रमाणात वाढतो. टीएल०७२ काढून 'चांगला' म्हणून एनई५५३२ लावला की उणे सप्लायचा करंट ८ मिलिअँपिअरच्या आसपास जातो आणि रिपल जवळजवळ तिप्पट. एनई५५३२ उत्तम ऑपअँप आहे, पण अशक्त पंपावर नव्हे. शिवाय आयसीएल७६६० चा आउटपुट रेझिस्टन्स ५५ ओहमच्या घरात असतो, त्यामुळे व्होल्टेजही खाली बसतं.

खरा उपाय म्हणजे पंपाचं आउटपुट आणि ऑपअँप यांच्यामध्ये १०० ओहम आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरड. ५ किलोहर्ट्झवर रिपल कागदावर तीनशेवा हिस्सा होतो, ईएसआर धरला तर दोनशेवा. मोबदल्यात ०.३ व्होल्ट कमी होतात. शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावा, तो पलटण्याच्या क्षणीचे टोकदार स्पाइक खातो, जे इलेक्ट्रोलिटिकला जमत नाही. ऑपअँपमध्ये सप्लायचा आवाज दाबायची स्वतःची ताकद असते, पण फ्रीक्वेन्सी वाढेल तशी ती घटते, आणि बऱ्याच ऑपअँपमध्ये उणे बाजूला आधीच कमी असते. 'डेटाशीटमध्ये १०० डेसिबल लिहिलंय' हा युक्तिवाद म्हणून चालत नाही. तो आकडा डीसीचा.

एवढ्याने भागलं नाही तर बीसी५५७ ट्रान्झिस्टर घ्या. कलेक्टर पंपाकडे, एमिटर ऑपअँपकडे, बेस ते कलेक्टर १ किलोओहम, बेस ते ग्राउंड १०० मायक्रोफॅरड, अधिक टोक ग्राउंडला. ०.७ व्होल्टच्या मोबदल्यात १०० ओहमच्या फिल्टरपेक्षा कितीतरी जास्त शांतता मिळते, आणि खर्च चहाच्या कपाइतकाही नाही.

हवा

पंपाच्या २ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये जो कपॅसिटर असतो त्याची टोकं सतत ९ व्होल्टने उड्या मारत असतात. पिझोचा इनपुट १ मेगाओहमचा. दोघांमध्ये हवेतून १ पिकोफॅरड जरी असला आणि पिझो २० नॅनोफॅरडचा धरला, तरी ०.४५ मिलिव्होल्ट इनपुटवर बसतात. पिझोची पिन काढली की शिट्टी मोठी होते, ही या वाटेची खूण. तो कपॅसिटर आयसीच्या पिनांना चिकटवून लावा, लांब पाय ठेवू नका, इनपुटची वायर शील्डेड घ्या आणि पंप डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या. मध्ये ग्राउंड केलेला तांब्याचा पत्रा उभा केला तरी फरक पडतो. पावसाळ्यात फ्लक्सचा चिकट थर दमट झाला की १ मेगाओहमच्या इनपुटच्या आसपास गळतीही सुरू होते. तिथला बोर्ड धुऊन, वाळवून वार्निश मारा.

फ्रीक्वेन्सी कानापलीकडे नेली तर?

चांगली कल्पना, पण आयसी बघून. साध्या आयसीएल७६६० ची १ नंबरची पिन कुठेच जोडलेली नसते, तिला सप्लाय देऊन काही होत नाही. टीसी१०४४एस मध्ये तीच पिन बूस्टची, म्हणजे ऑसिलेटरचा वेग वाढवायची. ती अधिक सप्लायला जोडली की ऑसिलेटर ४५ किलोहर्ट्झवर जातो, म्हणजे पंप २२.५ वर, ऐकू येण्याच्या जरा वर. आयसीएल७६६०एस बूस्टवर ३५ किलोहर्ट्झला जातो, म्हणजे पंप १७.५ वर. मंडळातल्या काकांना ऐकू येणार नाही, झांजा वाजवणाऱ्या पोरांना येईल.

आयसी बदलताना व्होल्टेज तपासा. साध्या ७६६० ची मर्यादा १० व्होल्ट. जुना ट्रान्सफॉर्मरवाला '९ व्होल्ट' अडॅप्टर बिनलोडचा १२-१३ व्होल्ट देतो आणि आयसी जाळतो. १२ व्होल्टपर्यंत चालणारा टीसी१०४४एस इथेही काठावरच, म्हणून रेग्युलेटेड अडॅप्टरच घ्या. आणि ६ नंबरची पिन ३.५ व्होल्टच्या वर मोकळीच ठेवायची. ती ग्राउंडला जोडलेले बोर्ड दिसतात. ते कधीतरी लॅच होऊन (आयसी आतून अडकून) गरम होतात.

कानापलीकडे गेलेला आवाज संपत मात्र नाही. दोन डबे एकाच मिक्सरवर असले, एकाचा पंप २२.५ वर आणि दुसऱ्याचा २१.८ वर, आणि वाटेत कुठे सिग्नल थोडा वाकला की त्यांच्यातल्या फरकाची ७०० हर्ट्झची नवी शिट्टी जन्मते. एकेक डबा शांत, दोन्ही लावले की वाजतात, अशी तक्रार आली तर ही शंका घ्या. फिल्टर दोन्हींना लावा.

मोजमापाच्या कामात हेच वेगळ्या वेषात येतं. खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतातल्या पाण्याचा पीएच मोजणारं यंत्र प्रोजेक्टसाठी बनवणारी मुलं विचारतात की आकडा स्थिर का राहत नाही, हळूहळू वर-खाली का डोलतो. तिथे शिट्टी ऐकू येत नाही, पण मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १००० वेळा मोजत असेल आणि पंप ५००२ हर्ट्झवर असेल, तर आकड्यात २ हर्ट्झचा डोल दिसतो. पीएचच्या एका एककाला २५ अंशांवर ५९ मिलिव्होल्ट, म्हणजे ६ मिलिव्होल्टची गडबड ०.१ पीएच दाखवते. सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढून तो नेहमी जात नाही. मोजण्याच्या पिनेआधी १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावा. आणि ऑपअँपचं आउटपुट खरोखर शून्यापर्यंत यावं एवढ्यासाठीच उणे सप्लाय हवा असेल तर उणे ९ कशाला? एलएम७७०५ फक्त उणे ०.२३ व्होल्ट देतो आणि त्याच कामासाठी बनवलाय.

प्रीअँपच्या बाबतीत मी तर पंपच काढून टाकायला सांगतो. पिझोचा सिग्नल एसी आहे, त्याला उणे सप्लायची गरज नाही. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ९ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये, त्यांच्या मधल्या बिंदूला १०० मायक्रोफॅरड, आणि १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडऐवजी या ४.५ व्होल्टच्या बिंदूला. गेनच्या फीडबॅकमधला ग्राउंडला जाणारा रेझिस्टर कपॅसिटरमार्फत ग्राउंडला न्या. आउटपुटला १० मायक्रोफॅरड मालिकेत टाका, म्हणजे मिक्सरला डीसी जाणार नाही. आउटपुटची उंची निम्मी होते, पण मिक्सरला तेवढी पुरते. बॅटरीवर चालवत असाल तर ती ७ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. टीएल०७२ चे इनपुट उणे सप्लायच्या फार जवळ आले की आउटपुट उलटा वळतो आणि आवाज फाटतो.